रस्ता आधी, रणगाडा मागून

लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदुका व रणगाडे येतात. त्यांच्याही पुढे वाट मोकळी करणारा लष्करी इंजिनियर, म्हणजे सॅपर असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर शत्रूने सुरुंग पेरले होते. झाडे पाडून रस्ता अडविला होता. ८ तारखेस मॉर्टरच्या माऱ्यात मुंबई सॅपर्सचे दोन जवान ठार झाले. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे स्वतः जखमी झाले. तरी ११ तारखेपर्यंत सुरुंग उचलणे, अडथळे उडविणे, आडवाट खणणे हे काम ते करीतच राहिले. इतर सैनिकांस गोळीला गोळीने उत्तर देता येते. सॅपरचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात. १२ तारखेस सैन्य राजौरीत पोहोचले, ते ह्याच वाटेने. पुढे राण्यांना परमवीरचक्र देण्यात आले.