व्यापाराचा करार आणि आपल्या लेकरांचं कॉलेज



गळीत हंगाम संपत आला, की ऊस बिलाच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी आमच्याकडे हमखास येते. "लेकराची बारावी झाली. इंजिनिअरिंगला घालायचं म्हणतो, पण चार वर्षांची फी भागवायची कशी?" मागे एकादशीला नारायणगडावर दर्शनाला जमलेल्या सभासदांतही हाच विषय निघाला. एकजण म्हणाले, "हे सगळं त्या जागतिक व्यापार संघटनेनं केलं. करार करून शिक्षण विकायला काढलं." दुसरे म्हणाले, "कुठला करार अन् कुठलं काय! फी तर आपलीच माणसं घेतात." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

करार आहे तरी काय?

१५ एप्रिल १९९४ रोजी मोरोक्को देशातील माराकेश येथे करारांवर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. भारत पहिल्या दिवसापासून तिचा सभासद आहे. ऊस उत्पादकांना ही संघटना परकी नाही. आपल्या सरकारचा ऊसदर आणि साखर निर्यातीची मदत नियमात बसत नाही, म्हणून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी २०१९ मध्ये तिथेच तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील पंचमंडळाचा निवाडा भारताच्या विरोधात गेला. भारताने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद पडल्याने प्रकरण तिथेच अडकले.

त्याच संघटनेचा दुसरा एक करार आहे. तो मालाचा नव्हे, सेवांचा. त्याला 'गॅट्स' म्हणतात. साखर, कापूस हा माल. बँक, विमा, टेलिफोन, दवाखाना या सेवा. या करारात सेवांचे बारा विभाग धरले आहेत आणि त्यांत शिक्षण हा एक विभाग आहे.

शिक्षणाचा व्यापार कसा होतो? करारात चार वाटा सांगितल्या आहेत. पहिली, शिक्षण सीमा ओलांडून घरी येते. मोबाईलवर चालणारा परदेशी अभ्यासक्रम हे त्याचे उदाहरण. दुसरी, विद्यार्थी तिकडे जातो. आपल्या मराठवाड्यातील मुले डॉक्टर होण्यासाठी युक्रेनला गेली होती आणि २०२२ च्या युद्धात जीव मुठीत धरून परतली, ती याच वाटेने गेली होती. तिसरी, परदेशी विद्यापीठ इथे येऊन शाखा काढते. चौथी, शिकवणारा माणूस ठराविक काळासाठी दुसऱ्या देशात कामाला जातो. बीड जिल्ह्याला ही चौथी वाट वेगळी समजावून सांगायला नको. दसरा झाला, की बिऱ्हाड घेऊन परमुलखातल्या कारखान्यावर तोडीला जाणारी माणसं आपल्याच गावची आहेत.

भारताने कोठे सही केली, कोठे नाही

आता महत्त्वाची गोष्ट. या करारात प्रत्येक देश कोणती सेवा किती खुली करायची, त्याची यादी स्वतः देतो. एकदा यादीत लिहिले, की देश बांधील झाला. पुढे माघार घ्यायची तर ज्या देशांचे नुकसान होईल त्यांना भरपाई म्हणून दुसरी सवलत द्यावी लागते. इसार घेऊन सौदा मोडण्यासारखेच ते आहे.

१९९५ च्या यादीत भारताने शिक्षण घातले नव्हते. ऑगस्ट २००५ मध्ये मात्र काही अटींवर उच्च शिक्षण खुले करण्याची तयारी भारताने दाखवली. ती नुसती तयारी होती. वाटाघाटींची ती फेरी, जिला दोहा फेरी म्हणतात, पूर्ण झालीच नाही, आणि ती तयारी बंधनात उतरली नाही. म्हणजे आपल्या मुलांच्या कॉलेजची फी जागतिक व्यापार संघटनेच्या हुकमाने वाढली, हे म्हणणे बरोबर नाही.

मग फी वाढली कशाने?

याचे उत्तर शोधायला आपल्याला घरातच यावे लागते. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी आपली मुले प्रवेशासाठी कर्नाटकात जात आणि पैसाही तिकडेच जाई. त्यावेळी पुढे आलेल्या संस्थांत सहकारी साखर कारखानदारीतली माणसे मोठ्या संख्येने होती. लोणी, वारणानगर, इस्लामपूर येथील कॉलेजे त्याच काळातली. उसाच्या बिलातून कपात करून शिक्षणसंस्था उभ्या करण्याची रीत आपल्याकडे होतीच. खेड्यातला पोरगा इंजिनिअर झाला, हे त्या निर्णयाचे मोठे फळ आहे. ते नाकारता येणार नाही. पण खर्च सरकारने नव्हे, शिकणाऱ्याच्या बापाने करायचा, ही चाल तेव्हाच पडली.

१९९१ साली देशाने आर्थिक धोरण बदलले. सरकारी खर्चाला कात्री लागू लागली. न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये सुचवले, की विद्यापीठांनी चालू खर्चाचा १५ टक्के आणि पुढे २५ टक्के भाग स्वतः उभा करावा. २००० पासून शिक्षणात १०० टक्के परदेशी भांडवलाला वाट मोकळी झाली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शिक्षणसंस्था चालवणे हाही एक व्यवसाय आहे. खाजगी संस्थेला आपली फी ठरवता येईल, पण नफेखोरी करता येणार नाही आणि देणगी उकळता येणार नाही. कराराने जी गोष्ट सांगितली, की शिक्षण ही विकत घ्यायची सेवा आहे, तीच गोष्ट आपण बंधन नसतानाही स्वतःहून मान्य करत गेलो.

आता दारात काय आहे

नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढण्याचे नियम केले. प्रवेशाची पद्धत आणि फी ठरवण्याची मोकळीक त्यांना आहे. जून २०२५ मध्ये नवी मुंबईसाठी ॲबरडीन आणि यॉर्कसह पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. याने शहरातील सधन घरच्या मुलांची सोय होईल. आपल्या भागातल्या मुलांना तिथे प्रवेश परवडेल, असे आम्हांस वाटत नाही.

मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. हे नियम आपल्या देशाने केले आहेत. चुकले तर आपल्यालाच बदलता येतील. तेच उद्या करारात बांधून दिले, तर बदलण्याची किंमत मोजावी लागेल. ऊसदराच्या बाबतीत घरच्या निर्णयाचा जाब परक्यांनी कसा विचारला, हे आपण पाहिले आहे. म्हणून शिक्षण त्या यादीत जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उचल घेण्याआधी

शिक्षणाचे कर्ज आणि तोडणी कामगाराची उचल यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. पैसा आधी हातात, आणि फेड पुढच्या मेहनतीतून. उचल फिटली नाही, की पुढच्या हंगामालाही तोच मुकादम. तसेच नोकरी लागली नाही, की कर्ज बापाच्या सातबाऱ्यावर येऊन बसते. तेव्हा फी रुपयांत न मोजता टनांत मोजावी. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. या दराने एक लाख रुपये म्हणजे सुमारे २८ टन ऊस, आणि तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. चार वर्षांचा हिशेब याच मापाने मांडून बघा.

कर्जाला हात घालण्यापूर्वी हक्काचे आहे ते घ्यावे. प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतूनच घ्यावा. मॅनेजमेंट कोट्यात गेलात, की शिष्यवृत्ती गेली. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क, याच उत्पन्नमर्यादेत, पूर्ण माफ आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. कर्ज घ्यावेच लागले, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आपले कॉलेज बसते का, ते आधी पाहावे. त्या योजनेत जमीन गहाण ठेवावी लागत नाही.

ज्या सहकाराने माळावर चिमण्या उभ्या केल्या, त्याच सहकाराने कॉलेजेही काढली. ती कॉलेजे आपल्या पैशातून उभी आहेत, तेव्हा त्यांच्या फीचा हिशेब मागण्याचा हक्कही आपलाच आहे. वार्षिक सभेत आपण दराचा प्रश्न जसा उभे राहून विचारता, तसा हाही विचारावा, एवढीच विनंती.