सेमाडोहच्या चढावर रानगवा

सेमाडोह मागे पडतं आणि जिप्सी दुसऱ्या गिअरवर चढाला लागते. मार्च सरत आलाय. सागाची पानं गळून पापडासारखी कडक झाली आहेत. त्यामुळे या दिवसांत मेळघाटात जनावर आधी ऐकू येतं, मग दिसतं. खाली सिपनेचं पात्र, पाणी डोहांपुरतं उरलेलं. पलीकडे सातपुड्याच्या रांगा, धुरकट. रस्त्याकडेची पट्टी काळी पडलीय. वणवा इकडून तिकडे जाऊ नये म्हणून वनखात्यानं आधीच जाळून काढलेली ही जाळरेषा. मोहाचा वास मधूनच येतो. मोह टपकू लागला की अस्वलं पहाटेच झाडाखाली हजर असतात, आणि फुलं वेचायला आलेली माणसंही. जंगलाजवळच्या गावांत अस्वलाची जी धास्ती आहे, ती वाघाची नाही.

वळणावर ड्रायव्हर इंजिन बंद करतो.

"हालू नका भाऊ. त्याले जाऊ द्या."

बांबूच्या बेटात पानांचा चुरा होतोय. मग एक जड फुसकारा. आणि रानगवा रस्त्यावर उतरतो. नर आहे, एकटाच. खांद्याचा उंचवटा जिप्सीच्या बोनेटहून कितीतरी वर. गुडघ्याखाली पांढरे मोजे, त्यातला डावा चिखलानं बरबटलेला. तोंडातून बांबूची डहाळी लोंबतेय. ती चावता चावता तो आमच्याकडे बघतो. कानामागे माशा बसल्यात. कान हलतो, माशा उडतात, परत तिथंच बसतात. पूर्ण वाढलेला नर टनाच्या घरात जातो म्हणतात. समोर उभा राहिला की आकड्याची गरज उरत नाही.

वरून दुसरी जिप्सी येते. आतून कुणीतरी ओरडतं, "वाघ दिसला का?" गवा मान वळवतो आणि उतारावरून खाली जातो. एवढं धूड, पण चार सागांमागे गेलं की संपलं, फक्त पानं वाजत राहतात.

पुढे डोंगरमाथ्यावर एकदम उघडं गवताळ पटांगण लागतं. कडेला ओळीनं आंब्याची झाडं. "गाव होतं इथं," आमचा कोरकू गाइड सांगतो. कोहा, कुंड, बोरी अशी गावं पुनर्वसनात उठून अकोटकडे गेली; त्यांच्या शेतांवर आता गवत आहे. इथं दोन सांबर माद्या चरताहेत. गाइड त्यांच्याकडे बघत नाही. आंब्याखालचे दगड पायानं दाखवतो. कुणाच्या तरी घराचा ओटा.

1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. गुगामळ राष्ट्रीय उद्यान म्हणजे त्याचा गाभा. पण इथं दऱ्या खोल, रान दाट, नजर फार लांब पोचत नाही. पाणवठ्यावर पहुडलेला वाघच बघायचा असेल तर सरळ ताडोब्याला जा. इथं यायचं तर पहाटेची फेरी घ्या, आणि ड्रायव्हरला वाघामागे पळवू नका.