हिरव्या त्रिकोणातलं 'कॉशन'

"हिरवा आहे ना, मग काही होत नाही." कीटकनाशकाची बाटली हातात धरून असं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना हसण्यात अर्थ नाही. पाकिटावरचा शाकाहाराचा ठिपका हिरवा, सिग्नलचा 'जा' हिरवा. डोळ्यांना तेच वळण लागलेलं. बाटलीवर मात्र कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो आणि वरच्या त्रिकोणात शब्द. हिरव्याच्या वर छापलेलं असतं 'कॉशन'. बाटलीत विष नाही असं हा शब्द सांगत नाही, बाकीच्यांपेक्षा ते सौम्य आहे एवढंच सांगतो.

1971 च्या कीटकनाशक नियमांनी ही उतरंड ठरवली. सगळ्यात वर लाल : कवटी, हाडांची फुली आणि 'पॉयझन'. मग पिवळा : कवटी गेली, 'पॉयझन' राहिलं. मग निळा, त्यावर 'डेंजर'. शेवटी हिरवा. कुठल्या औषधाला कुठला रंग, हे ठरतं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून. पोटात गेल्यावर त्यातले निम्मे प्राणी मरायला वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम औषध लागलं, ते मोजतात. 50 पर्यंत लाल, 500 पर्यंत पिवळा, 5000 पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. त्वचेवाटे होणाऱ्या बाधेचं मोजमाप वेगळं असतं, आणि पाठीवर पंप घेऊन कपाशीत फिरणाऱ्याच्या अंगात औषध जातं ते बहुतेक कातडीतून आणि श्वासातूनच. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-मजुरांचा जीव गेला, तेव्हा या त्रिकोणांची चर्चा काही दिवस वर्तमानपत्रांत झाली. नंतर ती मागे पडली. ज्याने वाचायचं त्याच्यासाठी सगळ्यात मोठा शब्द इंग्रजीत ठेवायचा, ही कल्पना मला आजही कळलेली नाही.

आता वर पुन्हा बघा. 'डेंजर' तिसऱ्या पायरीवर आहे. आपला पक्का समज असा, की सावध करणाऱ्या इंग्रजी शब्दांत 'डेंजर' सगळ्यात मोठा आणि बाकीचे त्याचे भाऊबंद, कुठलाही वापरला तरी चालतो. विजेच्या खांबावर कवटीखाली हाच शब्द वाचत आपण वाढलो, म्हणून तसं वाटतं. खरं तर या शब्दांना स्वतःचं असं ठरलेलं वजन नसतं. ते वापरणारा धंदा ते वजन ठरवतो.

यंत्रांच्या जगात 'डेंजर' खरोखरच माथ्यावर आहे. अमेरिकी मानकांप्रमाणे छापलेल्या माहितीपत्रकात चार शब्द चार चौकटींत दिसतात. 'डेंजर' म्हणजे सांगितलेलं टाळलं नाही, तर मरण किंवा गंभीर इजा होणारच. 'वॉर्निंग' म्हणजे तसं होऊ शकतं. 'कॉशन' म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. 'नोटीस' म्हणजे माणसाला काही होणार नाही, वस्तूचं नुकसान होईल. 'होईल' आणि 'होऊ शकेल' यांतला फरक दोन वेगळ्या शब्दांत बांधलेला आहे, आणि मराठीत भाषांतर करणारा चारही ठिकाणी 'सावधान' लिहून मोकळा होतो. रसायनांच्या आंतरराष्ट्रीय लेबलांवर तर दोनच शब्द ठेवले आहेत : जास्त घातक ते 'डेंजर', त्याहून कमी ते 'वॉर्निंग'. 'कॉशन' तिथे नाहीच.

रेल्वेत 'डेंजर' म्हणजे नुसता लाल सिग्नल. सिग्नल 'डेंजरला' आहे असं कर्मचारी म्हणतात, तेव्हा कुठे अपघात झालेला नसतो, गाडीने थांबायचं असतं इतकंच. एक पिवळा दिवा म्हणजे 'कॉशन' : पुढे जा, पण पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीत राहा.

पावसाळ्यात दुसरा घोळ होतो. 'येलो अलर्ट', 'ऑरेंज अलर्ट', 'रेड अलर्ट' हे शब्द आता गावोगावी रुळले आहेत. हवामान खात्याच्या रंगसंगतीत मात्र पिवळ्याचा शब्द 'वॉच', म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगीचा 'अलर्ट', म्हणजे तयारीत राहा. लालचा 'वॉर्निंग', म्हणजे आता हालचाल करा. चक्रीवादळातही हाच क्रम असतो. 'अलर्ट' साधारण 48 तास आधी येतो, 'वॉर्निंग' 24 तास आधी. 'अलर्ट' ऐकायला कडक वाटतो, पण तो पायरीने खालचा आहे. तीनही रंगांना सरसकट 'अलर्ट' म्हणून आपण शब्दांची शिडी मोडली आणि सगळा भार रंगांवर टाकला. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा फरक लवकर शिकावा लागतो. तिथे 'टोर्नाडो वॉच' म्हणजे वादळाला पोषक हवा आहे, आणि 'टोर्नाडो वॉर्निंग' म्हणजे ते दिसलं आहे किंवा रडारवर आलं आहे, तळघर गाठा.

माणसांशी बोलताना हेच शब्द वेगळे वागतात. कचेरीत सहकाऱ्याला आधी कल्पना द्यावी, म्हणून कुणी ईमेलमध्ये 'आय अ‍ॅम वॉर्निंग यू' लिहितो. वाचणाऱ्याला ती धमकी वाटते. हेतू चांगला असेल तर 'जस्ट अ हेड्स-अप' पुरतं. 'वॉर्निंग लेटर' म्हणजे ताकीद, 'सायक्लोन वॉर्निंग' म्हणजे इशारा. मराठीने हे दोन शब्द आधीच वेगळे ठेवले आहेत, इंग्रजीला एकावरच भागवावं लागतं. ब्रिटिश पोलीस कबुलीनंतर किरकोळ गुन्ह्यात जे 'कॉशन' देतात, ते आपल्या 'समज देऊन सोडलं' याच्या बरंच जवळ जातं, फक्त त्याची रीतसर नोंद राहते. फुटबॉलमधल्या पिवळ्या कार्डालाही नियमपुस्तकात 'कॉशन'च म्हणतात.

'बिवेअर' हे क्रियापद लंगडं आहे. आजच्या इंग्रजीत ते मूळ रूपातच वापरतात, भूतकाळात 'बिवेअर्ड' कुणी लिहीत नाही. फाटकावर शोभणाऱ्या या शब्दाने गरम चहाचा कप देताना कुणाला सावध करू नये, तिथे 'केअरफुल' हवं. पायरी असेल तर 'वॉच युअर स्टेप', चौकट ठेंगणी असेल तर 'माइंड युअर हेड'. या 'माइंड'चा 'डू यू माइंड'मधल्या हरकतीशी संबंध नाही, इथे त्याचा अर्थ जपणं. लंडनच्या भुयारी रेल्वेत 1968 पासून 'माइंड द गॅप' ऐकू येतं ते याच अर्थाने.

टँकरवरचं 'इन्फ्लेमेबल' ही जुनी फसगत. सुरुवातीचा 'इन' नकाराचा समजून काहींना ते 'न पेटणारं' वाटतं. पण तो लॅटिन 'इन्फ्लामारे'मधला, म्हणजे पेटवण्यातला 'इन' आहे. 'इन्फ्लेमेबल' आणि 'फ्लेमेबल' दोन्ही पेटतात, न पेटणारं ते 'नॉन-फ्लेमेबल'. हा गोंधळ जिवावर बेतू नये म्हणून अमेरिकेत अग्निसुरक्षेतल्या लोकांनी गेल्या शतकात 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. आपल्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' अजून दिसतं, शेजारी 'ज्वलनशील' असतं म्हणून बरं.

राहिलं 'टेक केअर'. परदेशातला मुलगा फोन ठेवताना ते म्हणतो आणि इकडे आई विचारात पडते, की आपल्या तब्येतीबद्दल याला कुणी काही सांगितलं की काय. कुणी काही सांगितलेलं नसतं. मराठीत तो 'बरं, ठेवतो' म्हणाला असता.