शिसारी कशाची, धोका कशात?

हनोईच्या जुन्या पेठेत दुपारी 'बुन दाउ माम तोम' नावाचं ताट मिळतं. तांदळाच्या शेवया, तळलेलं टोफू, उकडलेलं डुकराचं मांस, भरपूर हिरवा पाला आणि वाटीत जांभळट-करड्या रंगाची पातळ चटणी. बाहेरून आलेला माणूस उठून जातो तो या वाटीच्या वासाने. वाटीतली माम तोम म्हणजे मिठात महिनोन्‌महिने मुरवलेला जवळा. जवळा हा शब्द इथे अगदी नेमका आहे. कोकण किनाऱ्यावरचा जवळा आणि व्हिएतनामी किनाऱ्यावर माम तोमसाठी पकडतात तो बारीक कोळंबीसारखा जीव, दोन्ही असेटिस याच प्रजातीतले. आपण तो उन्हात वाळवतो, ते मिठात घालतात.

मिठात पडल्यावर जवळ्याच्या पोटातली पाचक विकरं त्याच्याच प्रथिनांचे तुकडे पाडतात. त्यातून अमिनो आम्लं सुटतात. मांसाहारी रश्श्याला खोली देणारं ग्लुटामेट त्यांतलंच. सडवणारे बहुतेक जिवाणू एवढ्या मिठात टिकत नाहीत, मीठ सोसणारे मोजके तेवढे काम करत राहतात. वास येतो तो मुख्यतः ट्रायमिथिलअमाइनसारख्या हवेत उडून जाणाऱ्या संयुगांचा. म्हणूनच जेवणारा आधी वाटीत लिंबू पिळतो, साखर घालतो आणि फेस येईपर्यंत फेटतो. लिंबातल्या आम्लाने अमाइनचं क्षारात रूपांतर होतं, आणि क्षार उडत नाही. नाकापर्यंत पोचणारा ऐवजच कमी होतो. मालवणी घरात मासळीला कोकमाचं आगळ चोळतात, त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे. फेस धरतो तोही विरघळलेल्या प्रथिनांमुळे. ती हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात.

2007 च्या अखेरीस उत्तर व्हिएतनाममध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा पहिला संशय याच वाटीवर गेला आणि तिच्या विक्रीवर बंदी आली. कॉलऱ्याच्या जिवाणूला थोडं मीठ मानवतं हे खरं, पण माम तोममधल्या मिठात तो वाढू शकत नाही. माझ्या मते अशा ताटात जास्त संशय घ्यावा तो कच्च्या पाल्याचा, तो कुठल्या पाण्याने धुतला याचा. पण पाल्याला वास चांगला असतो, म्हणून त्याच्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहत नाही.

शिसारी ही शरीराची जुनी धोक्याची घंटा आहे. कुजल्याचा वास, वळवळ, रक्त, अर्धवट घडलेला जीव यांतलं काहीही समोर आलं की ती वाजते. ती किती वेळा बरोबर वाजते, हे तपासायला व्हिएतनामी स्वयंपाकघरासारखी जागा नाही.

वळवळीचंच घ्या. लाल नदीच्या मुखाकडे, हाय फोंगच्या आसपास, भरतीचं मचूळ पाणी शिरणाऱ्या भातखाचरांत 'रुओई' नावाचा किडा चिखलात राहतो. गांडुळाचा हा सागरी नातलग, शास्त्रीय नाव टायलोऱ्हिंकस हेटेरोकीटस. वर्षभर तो दिसत नाही. मग ठरावीक भरतीच्या रात्री हजारोंच्या संख्येने पृष्ठभागावर येतो, पाण्यात अंडी आणि शुक्रजंतू सोडतो आणि मरतो. त्याआधी त्याचं शरीर या एकाच कामासाठी बदलून गेलेलं असतं. अंगात जननपेशी ठासून भरलेल्या असतात. तिथल्या लोकांनी तारखा पाठ करून ठेवल्या आहेत: नवव्या चांद्रमासाची 20 आणि दहाव्याची 5. त्यांचे महिनेही आपल्यासारखेच अमावास्येनंतर सुरू होतात. त्यामुळे या तारखा आपल्या पंचांगात साधारण आश्विन वद्य पंचमी आणि कार्तिक शुद्ध पंचमीला पडतात, म्हणजे दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे. भरती-ओहोटी चंद्राच्या हातात, म्हणून किड्याचं वेळापत्रक सौर दिनदर्शिकेपेक्षा तिथीवर चांगलं बसतं.

पकडलेले रुओई कोमट पाण्यातून काढून त्यांची बारीक लव घालवतात. मग अंडं, डुकराचा खिमा, शेपू आणि संत्र्याच्या जातीच्या फळाची बारीक चिरलेली साल घालून सगळं घोटतात आणि वड्या तळतात. सालीवाचून हा पदार्थ होत नाही, असं तिथे ठामपणे सांगतात. वडी कापल्यावर किडा ओळखूही येत नाही. गरम तेलातून निघालेला हा पदार्थ पर्यटकाच्या पोटाला रस्त्यावरच्या बर्फापेक्षा नक्कीच कमी त्रास देईल. शिवाय हा किडा कीटकनाशकं सोसत नाही, म्हणून त्याचं पीक हवं असलेला शेतकरी खाचरात फवारणीच करत नाही.

दुसरा जीव पाण्यातलाच, पण सहा पायांचा. 'का कुओंग' हा बोटाएवढा पाणढेकूण, लेथोसेरस इंडिकस. नावाप्रमाणे तो भारतातही सापडतो आणि मणिपूरमध्ये आवडीने खातात. व्हिएतनामी लोकांना हवा असतो तो नराच्या पोटातल्या दोन बारीक ग्रंथींतला अर्क. वाटीभर 'नुओक माम'मध्ये, म्हणजे तिथल्या माशांच्या सॉसमध्ये, याचा एखादा थेंब पुरतो. वास दालचिनीच्या अंगाने जाणारा, हिरवट फळाची छटा असलेला. 1957 मध्ये जर्मन नोबेलविजेते अडॉल्फ बुटेनांट आणि त्यांचे सहकारी न्गुयेन डांग टाम यांनी या गंधद्रव्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला मुख्य घटक ट्रान्स-2-हेक्सिनिल अ‍ॅसिटेट. दोन वर्षांनी याच बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाचं बॉम्बिकॉल ओळखलं आणि कीटकांच्या गंधसंदेशांचं शास्त्र उभं राहिलं. म्हणजे हनोईच्या जेवणात पडणारा तो थेंब एका मोठ्या शोधाच्या उंबरठ्यावरचा आहे. आज हॉटेलात बहुतेक वेळा कृत्रिम अर्कच मिळतो, कारण शेतांतल्या रसायनांनी हे ढेकूण विरळ झाले.

मेकाँगच्या खोऱ्यात माशांच्या सॉसमध्ये वळवळणारी जिवंत अळी खातात. ती आपल्या नारळ बागायतदारांच्या ओळखीची आहे, सोंड्या भुंग्याची. कोकणात ती दिसली की झाड गेलं म्हणून कपाळाला हात लागतो. जिवंत अळी खाण्याला मी तरी भाजलेलीचा पर्याय सुचवेन. आणि ज्याची छायाचित्रं सर्वांत जास्त फिरतात ते 'चुंग वित लोन', म्हणजे 18 ते 21 दिवस उबवलेलं बदकाचं अंडं, तर या यादीतलं सर्वांत निरुपद्रवी. पिल्लू 28 व्या दिवशी बाहेर येतं, त्यामुळे आत चोच-पिसं ओळखू येतात; पण अंडं कवचासकट चांगलं उकडलेलं असतं. आलं, मीठ-मिरी आणि तिखट वासाचा 'राउ राम' पाला घेऊन खायचं.

आता जो पदार्थ कुणाच्याच नाकाला खुपत नाही त्याकडे येऊ. 'तिएत कान्ह' दिसायला देखणा असतो: बशीत लालभडक थरथरती वडी, वर दाण्याचं कूट आणि हिरवी पानं. ते डुकराचं किंवा बदकाचं कच्चं रक्त असतं. लाल रंग शुभ, म्हणून चांद्रमासाच्या सुरुवातीला तो खाण्याची अनेकांची रीत.

करण्याचं तंत्र थक्क करणारं आहे. रक्त अंगाबाहेर आलं की थ्रॉम्बिन नावाचं विकर फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे विणतं आणि गाठ बनते. स्वयंपाकी ताजं रक्त खारट पाण्यात किंवा नुओक माममध्ये धरतो; मिठाच्या दाट द्रावणात हे विणकाम थांबून राहतं. मग बारीक चिरलेल्या शिजवलेल्या मांसावर हे रक्त गार रश्श्यात मिसळून ओततो. मीठ पातळ होतं, विणकाम पुन्हा सुरू होतं आणि काही मिनिटांत वडी धरते. फायब्रिनचा शोध न लागताही त्यावर इतका ताबा मिळवणाऱ्या हातांना दाद द्यायलाच हवी.

पण या सगळ्यात उष्णता कुठेच नाही. डुकराच्या घशात-नाकात स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जिवाणू राहतो, डुक्कर निरोगी दिसत असलं तरी. तो माणसाच्या रक्तात शिरला की मेंदूच्या आवरणाला सूज येते. हो ची मिन्ह सिटीतल्या उष्णकटिबंधीय रोगांच्या रुग्णालयातल्या, अशा सुजेचा संशय असलेल्या 450 रुग्णांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 151 जणांना याच जिवाणूची लागण होती. बहुतेक वाचले, पण सुमारे दोनतृतीयांश जणांची श्रवणशक्ती कमी-अधिक गेली. बदकाचं रक्त घेतलं तर हा जिवाणू टळतो, पण बर्ड फ्लूचा प्रश्न उभा राहतो. सोबत भाताची दारू घेतली की जंतू मरतात, हा समज तिथेही आहे. पोटातल्या जेवणात मिसळलेली दारू निर्जंतुकीकरणाच्या कामाची नसते.

रक्ताची चव घ्यायचीच असेल तर ह्यूए शहराचा 'बुन बो ह्यूए' मागवावा. गवती चहाच्या वासाच्या त्या तिखट रश्श्यात डुकराच्या रक्ताचे तपकिरी चौकोन असतात, आपल्याकडच्या रक्तीसारखे पूर्ण शिजलेले.