ताकद आली, पण दोरी?

जिम सुरू केल्यावर पहिल्या महिन्यातच जास्त वजन उचलता येतं. त्यात मोठा वाटा मेंदूचा असतो : अधिक स्नायुतंतू एकदम कामाला लावायला तो शिकतो. स्नायू भरलेले दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा, त्याहून सावकाश बदलते. तिचा रक्तपुरवठा कमी. तिला 3 महिने तरी द्या.

रविवारच्या क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेताना टाचेमागच्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. म्हणून आधी पायरीवर उभं राहून सावकाश टाचा उचला, मग हलकं धावा, वेग शेवटी. सकाळी टाचेमागे आखडलं, तर व्यायाम कमी करा. दुखणं राहिलंच, तर डॉक्टरांना दाखवा. कंडरेला ताण हवा, घाई नको.