सायकलीची साखळी
(नभोवाणीवरील भाषण)



सायकल हें यंत्र आपल्या इतक्या परिचयाचें झालें आहे कीं, त्याच्याकडे यंत्र म्हणून पाहण्याचें आपल्याला सुचतच नाहीं. चाकांत हवा भरली, ब्रेक लागतात कीं नाहीं तें पाहिलें, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें आपण मानतों. स्वाराच्या पायांतील सारी शक्ति जिच्या द्वारें मागच्या चाकापर्यंत पोहोंचते, ती साखळी मात्र उतरेपर्यंत किंवा तुटेपर्यंत कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ही साखळी घरच्या घरीं कशी बसवावी, कशी राखावी आणि केव्हां बदलावी, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

शहरांत सायकलीचें दुकान हांकेच्या अंतरावर असतें, तेव्हां ही उठाठेव कशाला, असें कोणी म्हणेल. अशा गृहस्थानें पोहरादेवीचा रस्ता डोळ्यांपुढें आणावा. वाशीम जिल्ह्यांतील मानोरा तालुक्याचें हें गांव संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळें बंजारा समाजाची काशी मानलें जातें, आणि रामनवमीला तेथें मोठी यात्रा भरते. तो चैत्राचा महिना; वऱ्हाडचें ऊन आणि वाळलेल्या काळ्या मातीची धूळ. अशा वेळीं दोन गांवांच्या मध्यें साखळी तुटली, तर सायकल हातांत धरून चालण्याखेरीज गति नाहीं. चढावर उभें राहून पायडल मारीत असतां ती तुटली, तर पायाखालचा आधार एकाएकीं जाऊन स्वार तोंडघशीं पडतो. मानव विकास कार्यक्रमांतून इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठीं सायकली देण्याची योजना महाराष्ट्रांत राबविली गेली. अशा मुलीची साखळी तुटली, तर तिची त्या दिवसाची शाळाच बुडते.

आतां या साखळीचा थोडा पूर्वेतिहास पाहूं. प्रारंभीच्या उंच सायकलीला साखळी नव्हती. पायडल पुढच्या प्रचंड चाकालाच बसविलेलें असे. १८८० सालीं मँचेस्टर येथें हान्स रेनॉल्ड यांनीं फिरत्या रोलरांची साखळी सिद्ध केली, आणि १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ली यांनीं कॉव्हेंट्री येथें दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीनें गति देणारी 'रोव्हर' सायकल पुढें आणली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८८८ सालीं, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान थाटलें. पुढें विदर्भानेंही या वाहनावर मोठी मजल मारली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची शर्यत एकट्यानें पुरी केली. त्या पल्ल्याची सायकल असो वा शाळकरी मुलीची, दोहोंच्या साखळीचें तत्त्व एकच आहे.

साखळींत एक कडी रुंद, एक अरुंद अशी जोडणी असते. प्रत्येक सांध्यांतून पोलादी पिन जाते व तिच्याभोंवतीं एक छोटा रोलर फिरतो. दोन पिनांमधील अंतर नेमकें अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर, असतें. गिअरच्या सायकलीवर असे शंभरांहून अधिक सांधे असतात, आणि चक्रावर चढतांना व उतरतांना त्यांतील प्रत्येक सांधा वांकतो. तेलाची खरी गरज आहे ती या सांध्याच्या आंत, पिनेवर. बाहेरच्या पट्ट्यांना गंज लागूं नये इतपत ओशटपणा पुरे. आपण मात्र बाहेरून भरपूर तेल सोडतों आणि साखळी चकाकूं लागली कीं समाधान पावतों. त्या तेलावर धूळ बसते, तिची काळी लुगदी होते आणि ती सांध्यांत शिरून सहाणेप्रमाणें पिना घांसूं लागते. साखळीचें आयुष्य अंतरानें सरतें त्याहून किती तरी अधिक या लुगदीनें सरतें. आजचें माझें मुख्य सांगणें तें हेंच.

जुनी साखळी 'ताणली गेली' असें आपण म्हणतों, पण पोलादाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहींत. पिना झिजतात, प्रत्येक सांध्यांत अल्पशी पोकळी होते आणि सर्व पोकळ्या मिळून साखळी लांब होते. मग तिचें माप चक्राच्या दांतांशीं जुळत नाहीं. दांत झिजून आंकड्यासारखे होतात, आणि त्यांवर नवी साखळी चढविली तर ती निसटूं लागते. म्हणजे जी गोष्ट एका साखळीच्या किंमतींत भागली असती, तिच्यासाठीं सगळीं चक्रें बदलण्याची पाळी येते.

हें टाळण्यास एक पोलादी पट्टी पुरेशी आहे. साखळी ताठ धरून एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावें. नवी साखळी येथें बरोबर १२ इंच भरते. १/१६ इंच, म्हणजे सुमारें दीड मिलीमीटर, अधिक भरली तर गिअरच्या सायकलीची साखळी बदलावी. वाढ १/८ इंचापर्यंत गेली असेल, तर दांतही झिजले असण्याचा संभव मोठा. एकेरी चक्राच्या साध्या सायकलीला मात्र १/८ इंचापर्यंत सवलत देतां येते.

आतां नवी साखळी बसविण्याची कृति. मागच्या चक्रांची संख्या दुकानदाराला प्रथम सांगावी. आठ, दहा, अकरा किंवा बारा चक्रांच्या साखळ्यांत पिनांचें अंतर तेंच असतें, पण बाहेरची रुंदी कमी कमी होत जाते. एकीच्या जागीं दुसरी चालत नाहीं. जुनी साखळी काढण्यापूर्वीं ती कोठून कशी जाते याचें मोबाइलवर एक छायाचित्र घ्यावें. जुनीची लांबी योग्य असेल तर तिच्या कड्या मोजून तितक्याच नवीत ठेवाव्या. लांबी जुळवून पाहूं नये, कारण जुनी वाढलेली असते. जुनी हाताशीं नसेल तर नवी साखळी पुढच्या सर्वांत मोठ्या व मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून थेट फिरवावी, डिरेलरमधून नेऊं नये. टोंकें जेथें मिळतील तेथें एक रुंद व एक अरुंद कडी अधिक धरावी. जास्तीचा भाग चेन कटरनें काढावा. जोडकडी वापरावयाची असेल तर दोन्ही टोंकें अरुंद राहिलीं पाहिजेत.

मग साखळी डिरेलरच्या दोन लहान चाकांवरून, छायाचित्राबरहुकूम, नेऊन टोंकें जोडकडीनें जोडावीं. कडीवर बाण असेल तर तो साखळीच्या गतीच्या दिशेस ठेवावा. ती कडी वरच्या बाजूस येईल असें पायडल फिरवून, मागचा ब्रेक घट्ट धरून पायडल पुढें दाबावें. 'टक्' असा आवाज होऊन कडी बसते. आजच्या पातळ साखळींत बाहेर काढलेली पिन पुन्हां ठोकून बसवूं नये; तुटण्याची जागा बहुधा तीच ठरते. साध्या सायकलीवर चिमट्याची कडी असते. तिच्या क्लिपची बंद बाजू साखळीच्या गतीच्या दिशेस ठेवावी, म्हणजे ती आपोआप सुटत नाहीं. मागचें चाक सरळ राहील असें सरकवून साखळीच्या मध्यभागीं सुमारें अर्धा इंच ढिलाई राखावी.

नित्याची निगा याहून सोपी आहे. फेरी मारून आल्यावर जुन्या धोतराची किंवा लुगड्याची सुती चिंधी खालच्या साखळीभोंवतीं धरावी आणि दुसऱ्या हातानें पायडल सावकाश उलटें फिरवावें. चाक वेगानें फिरत असतां चिंधी किंवा बोटें साखळीजवळ कदापि नेऊं नयेत, आणि घरांतील मुलांनाही हें बजावून ठेवावें. साखळी कोरडी वाजूं लागली किंवा पावसांत भिजली, म्हणजे प्रथम पुसून प्रत्येक रोलरवर सायकलीच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. पायडल मिनिटभर उलटें फिरवावें, तेल आंत मुरूं द्यावें आणि मग बाहेरचें सर्व तेल पुसून काढावें. हें शेवटचें पुसणेंच लोक विसरतात. मोटारीचें जळकें तेल वापरूं नये, कारण त्यांत आधींच मळ असतो. जाड ग्रीस सांध्यांत शिरत नाहीं व धूळ मात्र धरून ठेवतें. ब्रेकच्या तबकडीवर किंवा चाकाच्या कडेवर तेलाचा थेंबही पडतां कामा नये. साखळी फार मळली असेल तर काढून रॉकेलांत किंवा साबणाच्या पाण्यांत धुवावी व पूर्ण वाळवूनच तेल द्यावें. रॉकेल चुलीपासून दूर ठेवावें आणि मोरींत ओतूं नये.

कोरड्या, धुळकट मुलुखांत मेणाचा उपाय चांगला आहे. स्वच्छ धुतलेली साखळी वितळलेल्या पॅराफिन मेणांत बुडवून काढली, तर मेण सांध्यांत राहतें आणि बाहेर धूळ चिकटत नाहीं. मेणाचें भांडें मात्र गरम पाण्याच्या भांड्यांत ठेवूनच तापवावें, थेट आंचेवर ठेवूं नये.

बैलगाडीच्या आंसाला वंगण दिल्यावांचून दूरच्या वाटेला लागूं नये, हें आपल्या खेड्यांतील माणसाला कोणी शिकवावें लागत नसे. सायकलीच्या साखळीला याहून अधिक कांहीं नको. येत्या रविवारीं एक पट्टी व एक चिंधी घेऊन घरांतील सर्व सायकलींच्या साखळ्या तपासाव्या. आपल्या घरीं कामाला जी व्यक्ति सायकलनें येते, तिचीही सायकल त्याच वेळीं पाहावी. तिला ती बंद पडून चालण्यासारखी नसते.