चांदण्यातली उतरण : सह्याद्रीतल्या हिवाळी वाटांचा आढावा

दिवाळी सरली की सह्याद्रीत भटकायचे खरे दिवस सुरू होतात. कातळ वाळलेले असतात, गवत पिवळं पडायला लागतं, हवा स्वच्छ होते आणि टाक्या-ओढ्यांना अजून पाणी असतं. अडचण एकच, दिवस लहान. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या आगेमागे मावळतो आणि आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. अर्ध्या तासात पायाखालचा दगड दिसेनासा होतो. म्हणून हिवाळ्यातले पुष्कळ ट्रेक, ठरवून असो वा न ठरवता, अंधार पडल्यावरच संपतात.

ते चांदण्यात संपावेत अशी आखणी करता येते. ‘पौर्णिमा आहे, चला’ एवढ्यावर मात्र ते भागत नाही. तिथी, उताराची दिशा आणि वाटेवरची झाडी या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. अनेक वर्षांच्या भटकंतीतून माझा एकच नियम पक्का झाला आहे : अवघड टप्पा दिवसाउजेडी उरकायचा आणि चांदण्यासाठी फक्त मळलेली, सोपी वाट राखायची.

तिथीचं गणित

हिवाळ्यातलं चांदणं प्रखर वाटतं, त्यामागे खगोलाचं साधं कारण आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून 48 अंशांच्या आसपासच चढतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे तो तितकाच उत्तरेकडे सरकलेला असतो. मार्गशीर्ष आणि पौष पौर्णिमेला मध्यरात्री तो आपल्याकडे जवळजवळ माथ्यावर येतो आणि रात्रीचे बारा तासांहून जास्त आकाशात राहतो. आषाढातल्या पौर्णिमेचा चंद्र याउलट दक्षिणेकडून खालून खालून जातो.

चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पण डोंगररांगेच्या वर यायला त्याला आणखी वेळ लागतो. प्रतिपदेला तर सूर्य मावळल्यावर पाऊण-एक तास काळोखच असतो. उतरणाऱ्याला नेमका तोच तास नडतो. चतुर्दशीला मात्र सूर्य मावळताना चंद्र बराच वर आलेला असतो आणि त्रयोदशीला त्याहूनही वर. दिवसाचा उजेड सरतो आणि त्याच वेळी चांदणं हाताशी असतं. म्हणून संध्याकाळच्या उतरणीसाठी मी शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच धरतो.

त्याहून मागे जाऊ नये. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून उजेडही अर्धा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो पौर्णिमेच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच असतो. तेवढ्यावर पायवाट उतरता येत नाही.

भिंतीच्या कोणत्या बाजूला?

सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण आहे आणि चंद्र पूर्वेला उगवतो. घाटमाथ्याकडचे पूर्वेचे उतार संध्याकाळीच उजळतात, तर कोकणात उतरणारे पश्चिमेचे उतार डोंगराच्या सावलीत बुडालेले राहतात. आपल्याकडे चंद्र तासाला साधारण 14 अंश वर चढतो. डोक्यावरची भिंत 45 अंशांनी उठलेली असेल, तर चंद्रोदयानंतरही तीन तासांहून अधिक काळ तिथे थेट चांदणं पोचत नाही. नाणेघाट किंवा कोकणात उतरणारी कुठलीही नाळ पौर्णिमेच्या संध्याकाळी उतरायला घेतली, तर वर आकाश लख्ख आणि पायाखाली काळोख अशी गत होते. त्या वाटा दिवसाच कराव्यात.

तीच गोष्ट झाडीची. उघड्या धारेवर सावली पडण्याइतकं चांदणं असतं आणि जांभूळ-हिरड्याच्या रानात शिरताच ते संपतं. बेसाल्टचा काळा कातळ उजेड गिळतो. उलट वाळलेलं गवत आणि पायांनी मळलेली मातीची वाट फिकट दिसते. चांदण्यात आपण बहुतेकदा त्या फिकट रेघेच्या भरवशावर चालतो.

काही वाटा

नवख्यांसाठी लोणावळा ते राजमाची ही वाट सर्वांत सोयीची. पंधरा-सोळा किलोमीटरचा कच्चा रस्ता, चढउतार बेताचे आणि शेवटी उधेवाडी. जेवणाचं आधी कळवलं असेल तर पिठलं-भाकरी तयार मिळते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले दुसऱ्या दिवशी पाहावेत. कर्जतकडून कोंढाणे लेण्यांवरून येणारी चढण मात्र झाडीची आणि पश्चिम अंगाची. तिथे चांदण्याचा भरवसा धरू नये.

पुणेकरांची लाडकी वाट म्हणजे कात्रज ते सिंहगड. भुलेश्वर रांगेच्या धारेवरून टेकडीमागून टेकडी चढायची आणि मुरमावरून उतरायची. धार उघडी असल्याने चांदणं भरपूर, पण पाणी नाही. सगळं पाठीवरच न्यावं लागतं. ही वाट पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. संध्याकाळी निघालं तर उगवता चंद्र पाठीशी असतो आणि आपलीच लांब सावली नेमकी पुढच्या पावलावर पडते. घसाऱ्याच्या उतारावर पाय कुठे टेकायचा तेच दिसत नाही. अशा जागी अंग थोडं तिरकं करून, सावली बाजूला पाडून उतरावं. मध्यरात्र उलटली की चंद्र समोर येतो आणि उतार सोपे होतात.

हरिश्चंद्रगडावरचा मामला वेगळा. कोकणकड्यावर सूर्यास्त पाहून मंदिराकडे परतताना तोंड पूर्वेला असतं. कोकणात सूर्य बुडालेला असतो आणि चतुर्दशीचा चंद्र समोर असतो. माझ्या मते सह्याद्रीतल्या चांदणवाटांत ही छोटी वाट सर्वांत सुंदर आहे. वाटेत झाडीचा पट्टा आहे, तिथे टॉर्च लावावाच लागतो. अंधार पडल्यावर मात्र कड्याच्या काठाशी जाऊ नये. चांदण्यात खोलीचा अंदाज येत नाही.

कळसूबाई 1,646 मीटर उंच, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. बारी गाव शिखराच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे संध्याकाळी उतरताना चंद्र डोंगराआड राहतो. लोखंडी शिड्या उजेड असतानाच मागे टाकाव्यात. रतनगडाचा रतनवाडीकडचा उतार पूर्वेचा, पण खालचं रान दाट. चंद्र आहे आणि चांदणं नाही, असा अनुभव तिथे येतो.

अंधाराचा हिशोब इतिहासातही

तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री, माघ वद्य नवमीला. त्या तिथीला मध्यरात्र उलटल्याशिवाय चंद्र उगवत नाही. कोंडाजी फर्जंदांनी निवडक 60 मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला तो 6 मार्च 1673 रोजी, फाल्गुन वद्य त्रयोदशीला. तेव्हा तर चंद्र पहाटेच्या सुमारास कोरीइतका. दोन्ही चढाया वद्य पक्षातल्या. पहारेकऱ्याला चांदणं फायद्याचं आणि चढणाऱ्याला काळोख. ज्या कड्यांवर आपण दिवसाही हात घट्ट धरून चढतो, तिथे ती माणसं चंद्राशिवाय चढली, हे रात्री डोंगरात चालणाऱ्याला जास्त नीट उमगतं.

डोळे, टॉर्च आणि थंडी

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि तोंडावर पडलेला एक झोत ती क्षणात घालवतो. गटातल्या एकाने जरी हेडटॉर्च डोळ्यांवर मारला तरी सगळे आंधळे होतात. तांबडा मंद दिवा असेल तर तो वापरावा. बोलताना दिवा जमिनीकडे वळवावा. अंधूक उजेडात रोखून पाहिलेली वस्तू नाहीशी होते, किंचित बाजूला पाहिलं तर ती दिसते. टॉर्च मात्र प्रत्येकाजवळ हवाच, जादा बॅटरीसह. चांदणं हे टॉर्च घरी ठेवण्याचं निमित्त नाही.

थंडीचं गणितही उलटं असतं. रात्री गार हवा जड होऊन उताराने खाली येते आणि सखल जागी साचते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात ते त्यामुळेच. धारेवर वारा बोचतो आणि खाली गावात पोचल्यावर गारठा वाढतो. घामाने भिजलेला शर्ट उतरणीच्या आधीच बदलावा.

डोंगर रात्री झोपलेला नसतो. दिवसभर तापलेल्या वाटेवर रातवा बसलेला असतो. टॉर्चमध्ये आधी त्याचे तांबडे चमकणारे डोळे दिसतात. चार पावलं गेलं की तो आवाज न करता उडतो आणि पुढे पुन्हा वाटेवरच बसतो. घोणसांचा मीलनकाळही हिवाळ्यातच येतो. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला तर जागच्या जागी थांबावं, दिवा लावावा आणि त्याला जाऊ द्यावं. पायांत उंच बूट असावेत, हातात काठी असावी. दंश झालाच तर चिरा देणं, रक्त चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नये. माणसाला हलू न देता उचलून प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावं.

आता आपलं वागणं

सध्या पौर्णिमेला शनिवार आला की प्रसिद्ध वाटांवर शेकडो माणसं, स्पीकर आणि प्रखर दिवे येतात. हे थांबायला हवं. त्या आवाजाने रानातले जीव बिथरतात आणि वर राहणाऱ्या गावकऱ्यांची झोप मोडते. वाळलेल्या गवतात पेटवलेली शेकोटी वणवा होते आणि गुरांचा वर्षाचा चारा जळतो. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड हा सारा परिसर अभयारण्याचा आहे. तिथे कधी जाता येतं, मुक्काम करता येतो का, हे वनखात्याकडे विचारूनच निघावं. रात्रीला मनाई असेल तर ती पाळावी.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती. या हिवाळ्यात पंचांग उघडा, शुद्ध चतुर्दशी शोधा आणि दिवसा पायाखालून गेलेली वाटच निवडा. पाच-सहा जणच जा. वर गावातल्या माणसाला सोबत घ्या आणि त्याच्या श्रमाचे पैसे चोख द्या. परतीची वेळ घरी सांगून ठेवा, 112 हा क्रमांक सगळ्यांच्या ध्यानात असू द्या. शिड्या, कातळटप्पे आणि नाळा सूर्य असताना संपवा. एवढं पाळलं तर चांदण्यातली उतरण निर्धास्त होते, आणि ती प्रत्येकाने निदान एकदा अनुभवावी अशीच आहे.